चष्मा, चाळिशी आणि भातातले खडे

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी पक्की कॉन्व्हेंटची. घरी मराठी बोलते, भांडते मराठीत, पण लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मराठी विभागाच्या संपादिका माझ्याच विंगमध्ये राहतात, त्यामुळे पळून जायला जागा नाही. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय. चुका सापडल्या तर तिला पकडा, मला नको!

विषय म्हणाल तर चष्मा. हसू नका. ज्यांना नंबर नाही त्यांनी हवं तर पुढच्या पानावरच्या चारोळ्या वाचाव्यात.

मला चष्मा लागला दुसरीत. वर्गात फळ्यावरचं दिसत नव्हतं, म्हणून मी बिनधास्त शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. सिस्टरला वाटलं मी कॉपी करते. मला पुढे बोलावून फळ्यावरचं वाचायला लावलं, तर मी फळ्यापर्यंत चालतच गेले! सिस्टर काही बोलल्या नाहीत. कॅलेंडरमध्ये, म्हणजे आमच्या शाळेच्या डायरीत, लाल शाईने दोन ओळी लिहून दिल्या. त्या दोन ओळींमुळे मी आज इथे आहे. नंतर गल्लीतल्या पोरांनी ‘ढापणी’ म्हणायला सुरुवात केली ती गोष्ट वेगळी.

आता नंबर आहे वजा पाच, दोन्ही डोळ्यांना, थोडाफार सिलिंडर सोडून. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये शिकलोय, पॉवर म्हणजे एक भागिले फोकल लेंग्थ. एक भागिले पाच म्हणजे २० सेंटीमीटर. म्हणजे चष्म्याशिवाय माझं जग नाकापासून साधारण वीस सेंटीमीटरवर संपतं. त्यापुढे सगळा रंगीत धूर. अशा माणसाचा चष्मा सबमिशनच्या आठवड्यात मोडला तर काय होईल, विचार करा.

तर तो मोडला. कोणी मोडला वगैरे काही नाही, मीच त्याच्यावर बसले. पहाटे तीन वाजता, फाईल पूर्ण करताना. काडी मुळापासून गेली. आम्ही इंजिनिअर ना, म्हणून लगेच दुरुस्ती! रूममेटने पाच रुपयांची ती क्षणात चिकटवणारी ट्यूब आणली आणि सांध्यावर थेंब टाकला. काडी चिकटली, पण त्याच्या वाफेने काचेच्या कडेला पांढरी साय धरली, ती कशानेच निघेना. व्हायवाला मी तशीच गेले. सरांनी विचारलं, “तुमच्या डोळ्याला काही झालंय का?”

घरी फोन केला. बाबा म्हणाले, “रोज वापरायची वस्तू आहे, चांगली घे.” आणि सात हजार पाठवले. बाबा एका पतपेढीत क्लार्क आहेत. त्यांची स्वतःची फ्रेम मी आठवीत असल्यापासून तीच आहे. हे मला तेव्हा आठवलं नाही. खरं सांगायचं तर आठवलं, पण मी आठवू दिलं नाही.

मी एका चकाचक दुकानात गेले. एसी, आरसेच आरसे. तिथल्या मुलाने एक मोठी थोरली काळी फ्रेम माझ्या नाकावर ठेवली आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या फेसला एकदम सूट होते.” आरशात बघताना चष्म्याशिवाय काही दिसत नाही आणि डेमो फ्रेमला नंबर नसतो. म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त, त्यालाच आरशात आपण कसे दिसतो ते कळत नाही! (यावर उपाय सोपा आहे: मैत्रिणीला मोबाईलवर फोटो काढायला सांगा आणि नंतर जुना चष्मा लावून बघा. मी एकटीच गेले होते.) तो म्हणाला, नंबर जास्त आहे, तर सगळ्यात पातळ लेन्स घ्या, १.६७ इंडेक्स. त्यावर ब्लू कट. बिल सहा हजार आठशे पन्नास.

चार दिवस हॉस्टेलमध्ये हवा होती. पाचव्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या मधोमध, संध्याकाळपर्यंत वाढत जाणारं. खाली वाकलं की चष्मा नाकावरून घसरून थेट ड्रॉइंग शीटवर. नाकावर दोन लाल खड्डे. जिना उतरताना पायरी तिरकी वाटायची. दुकानात परत गेले तर उत्तर मिळालं, “नवीन नंबर आहे, पंधरा दिवस वापरा, सवय होईल.” नंबर तोच होता हो! पण मी गप्प बसले. सात हजाराची वस्तू चुकीची आहे हे स्वतःलाच कबूल करणं फार जड जातं.

पंधराचे पंचवीस दिवस झाले. मग रूममेट मला ओढत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत घेऊन गेली. तिचा साडेचारशेचा चष्मा तिथलाच. तीन वर्षं झाली, स्क्रूसुद्धा ढिला नाही. दुकान म्हणजे एक काउंटर, एक स्टूल आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. काका साठीच्या पुढचे.

काकांनी माझा चष्मा हातात घेतला, लावून बघितला नाही, फ्रेमची काडी आतून वाचली. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की काडीवर काही लिहिलेलं असतं! माझ्या फ्रेमवर होतं: ५६, मग एक छोटा चौकोन, मग १८, मग १४५. काका म्हणाले, “बाळ, ही तुझ्या चष्म्याची मापं. शर्ट घेताना बघतेस ना, तशी.” पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, तिसरा काडीची लांबी. सगळं मिलिमीटरमध्ये. मग त्यांनी पट्टी घेऊन माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. ६० मिलिमीटर. याला पीडी म्हणतात. मग एका यंत्राखाली माझा चष्मा ठेवून दोन्ही काचांवर जिथे लेन्सचा मध्य होता तिथे शाईचे ठिपके दिले आणि ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. ६६.

“आता तूच सांग, तू इंजिनिअर.”

मी सांगितलं नाही. मी हॉस्टेलवर आले आणि रात्री ग्राफ पेपरच्या मागे गणित केलं. पुढचा एक परिच्छेद गणिताचा आहे. सिव्हिलवाल्यांनी सुद्धा वाचावा, सोपा आहे.

लेन्सच्या मध्यापासून दूर बघितलं की लेन्स प्रिझमसारखी वागते. किती? मध्यापासूनचं अंतर सेंटीमीटरमध्ये गुणिले नंबर. माझ्या बाबतीत दोन डोळे मिळून ०.६ गुणिले ५, म्हणजे तीन प्रिझम डायॉप्टर. ठिपके बुबुळांपेक्षा लांब, त्यामुळे माझे डोळे दिवसभर थोडे बाहेरच्या बाजूला वळून सांभाळून घेत होते. डोळ्यांना आत वळायची सवय असते, आपण वाचतो तेव्हा ते आतच वळतात. बाहेर वळणं त्यांना झेपत नाही. डोकं दुखणार नाही तर काय! आता दुसरी गोष्ट, जाडी. वजा नंबरची लेन्स मध्यभागी पातळ आणि कडेला जाड. कडेची वाढीव जाडी ढोबळमानाने मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर्गाच्या, लक्षात घ्या! माझ्या ५६-१८ च्या फ्रेममध्ये पीडी ६० धरून नीट बसवलं तरी बाहेरची कड मध्यापासून ३५ मिलिमीटर लांब. ४८-१८ ची फ्रेम घेतली तर २७ मिलिमीटर. मोठ्या फ्रेममध्ये महागडी १.६७ लेन्स घालूनही कडेला वाढीव जाडी येते साडेचार मिलिमीटरच्या पुढे. लहान फ्रेममध्ये साधी १.५ ची लेन्स घातली तर साडेतीनच्या आसपास! म्हणजे हजारो रुपये देऊन मी जे पातळपण विकत घेतलं, ते फ्रेम आठ मिलिमीटर लहान घेतली असती तर फुकट मिळालं असतं.

मी तो ग्राफ पेपर दुसऱ्या दिवशी काकांना नेऊन दाखवला. त्यांनी गणिताकडे ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाले, “हो, लहान फ्रेम घे, हेच सांगत होतो.”

नंतरचे दोन तास मी त्या स्टुलावर बसून होते. (त्या दिवशीचं लेक्चर बंक झालं. मॅडम, सॉरी.) काका फ्रेम नाकावर ठेवायचे आणि म्हणायचे, “मान खाली घाल. हलव. आता हस.” हसताना गाल वर येतात आणि चष्म्याला टेकून तो उचलला गेला तर ती फ्रेम आपली नाही. काडी कानशिलाला दाबत असेल तर नाही. वजन नाकावर दोन ठिपक्यांसारखं नको, पसरलेलं हवं. ज्यांना घाम येतो, नाक चपटं आहे, त्यांनी वेगळे नोज पॅड असलेली फ्रेम घ्यावी, कारण पॅड वाकवून बसवता येतात. मोल्डेड प्लॅस्टिकचं नाक जसं येतं तसं राहतं. हल्ली ती हलकी, कशीही वाकवली तरी सरळ होणारी टीआर-९० ची फ्रेम सगळे घेतात. पण ती सरळ होते हाच तिचा तोटाही आहे, कानामागे गरम करून वाकवायला गेलं तर दाद देत नाही. म्हणून ती पहिल्यापासूनच नीट बसणारी हवी.

मी ब्लू कटचं विचारलं. लॅपटॉपसमोर बसणारे आपण सगळे तेच घेतो. काका म्हणाले, मागणारे मागतात, मी देतो. नंतर मी शोधलं. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या तपासून आढावा काढला, त्यात साध्या लेन्सपेक्षा अशा लेन्सने डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. त्यापेक्षा परावर्तन कमी करणारं कोटिंग, ज्याला एआरसी म्हणतात, ते उपयोगाचं. साध्या लेन्सच्या एका पृष्ठावरून चार टक्के प्रकाश परत जातो. इंडेक्स वाढला की आणखी, १.६७ ला सहा टक्क्यांच्या वर. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी आणि ग्रुप फोटोत ज्यांच्या डोळ्यांच्या जागी ट्यूबलाइट येते त्यांनी एवढे पैसे जरूर घालावेत. वर्कशॉपला काम करणाऱ्यांनी पॉलिकार्बोनेटचा विचार करावा, ते सहजासहजी फुटत नाही. कडेला रंगीत झालर दिसते, पण डोळा शाबूत राहतो.

असो. मी घेतली धातूची, पॅडवाली, ४८ ची फ्रेम. १.५६ ची लेन्स, एआरसी. तेराशे पन्नास रुपये. डोकं दुखणं तिसऱ्या दिवशी बंद झालं. सहा हजार आठशे पन्नासची काळी फ्रेम अजून माझ्या कपाटात आहे. दिवाळीला घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “आता दिसतंय ना नीट?” आणि त्यांनी स्वतःचा चष्मा सदऱ्याला पुसला. त्या चष्म्यावर इतके ओरखडे होते की पुसून काही फरक पडणार नव्हता. (त्यांना काकांकडे आणायचं ठरलंय. २०२५ च्या सप्टेंबरपासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, हे ऐकल्यावर ते तयार झाले. शेवटी पतपेढीचा माणूस!)

खरं तर लेख इथेच संपायचा होता. पण काकांच्या दुकानात त्या दोन तासांत एक कंडक्टर आले होते. एक कागद हातात धरून, हात लांब करून, मान मागे घेऊन वाचत होते. काका त्यांना न विचारताच म्हणाले, “चाळिशी लागली साहेब.” मला वाटलं वाढदिवस आहे! मी “हॅपी बर्थडे” म्हणणार होते, रूममेटने पाय दाबला. मग कळलं की चाळिशी म्हणजे चाळीस वर्षांच्या आसपास डोळ्यातल्या नैसर्गिक लेन्सचा लवचीकपणा कमी होतो आणि जवळचं दिसेनासं होतं, ते. आणि त्यासाठी लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात. केवढा छान शब्द आहे! इंग्लिशमधला शब्द मला स्पेलिंगसकट येतो, पण त्यात वय नाही.

आता मेसकडे येते. लेडीज हॉस्टेलच्या सगळ्यांना आठवत असेल, पहिल्या सेममध्ये भातात खडे यायचे. एकीचा दात दुखावला. मेस कमिटीने अर्ज केला की तांदूळ निवडणाऱ्या मावशी लक्ष देत नाहीत, त्यांना बदला. त्रेचाळीस सह्या झाल्या. सातवी सही माझी. डोकं दुखत होतं त्या दिवसांतली, अगदी ठसठशीत.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी मी गरम पाणी आणायला मेसमध्ये गेले. मावशी दारात उजेडाला बसून तांदूळ निवडत होत्या. सुपातले चिमूटभर तांदूळ तळहातावर घेत होत्या, हात लांब करत होत्या, मान मागे घेत होत्या. मी तशीच उभी राहिले. त्या कंडक्टरसारखंच. आणि मग आठवलं की वर्षभर मावशी येताजाता कोणालातरी “सुई ओवून दे गं पोरी” म्हणून थांबवायच्या. आम्ही ओवून द्यायचो आणि पुढे जायचो. एकीलाही काही सुचलं नाही. आम्ही इंजिनिअर!

म्हटलं, “मावशी, तुम्हाला जवळचं दिसत नाही का?”

“दिसतंय की. सांजच्याला जरा कमी.”

“चष्मा घ्या ना.”

“मला काय पेपर वाचायचाय? आन् भाकरी थापताना वाफंनं काच धुरकटंल, लोक हसत्याल.”

चार दिवस हेच संभाषण चाललं. शेवटी मी अर्जाचं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही. मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुझी बी सही हाय का?” मी हो म्हटलं. त्या उठल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, “कुठं हाय ते दुकान?”

काकांनी आधी त्यांना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पाठवलं. म्हणाले, या वयात नुसता चष्मा नाही लावायचा, मोतीबिंदू, डोळ्याचा दाब, सगळं बघून या. तिथे काही निघालं नाही. दोन्ही डोळ्यांना अधिक दोन. दोन्ही डोळे सारखे आणि सिलिंडर नाही, त्यामुळे तयार चष्मा चालला. एकशे ऐंशीचा, काकांनी दीडशेला दिला. मी पर्स काढली तर मावशींनी माझा हात बाजूला केला. पदराच्या गाठीतून दहा-दहाच्या नोटा आणि सुटे मोजून दिले. मोजताना नवा चष्मा नाकावर होता. एक नोट परत घेतली, जास्तीची गेली होती.

मग मी रेक्टर मॅडमकडे गेले आणि माझी सही मागे घ्यायची आहे म्हटलं. मॅडम म्हणाल्या, एका सहीने काही होत नाही. मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी तोपर्यंत शोधून ठेवली होती. आसाममधल्या चहाच्या मळ्यात चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आला. निम्म्या जणांना जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना दिला नाही. ज्यांना दिला त्यांची पानं खुडण्याची क्षमता बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. मॅडमनी ऐकून घेतलं, स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवला आणि अर्ज पंधरा दिवसांसाठी बाजूला ठेवला.

उरलेल्या बेचाळीसजणींपैकी काहींनी मला समाजसेविका म्हणून चिडवलं. चिडवू देत. पहिल्या आठवड्यात दोन खडे आले, दुसऱ्यात एक. अगदीच येत नाहीत असं मी म्हणणार नाही, तांदूळ कंत्राटदाराचा तोच आहे. त्याबद्दल वेगळा अर्ज करायला हवा, आणि त्यावर मी पहिली सही करीन. मावशींच्या जागी कोणी आलं नाही. सुईही आता त्या स्वतःच ओवतात.

माझ्यावरचा राग गेला की नाही, माहीत नाही. परवा भात वाढताना काउंटरवरून जरा वाकल्या, चष्म्यातून माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या,

“अगं बाई! किती पुटकुळ्या आल्यात गं तुझ्या तोंडावर. आधी दिसलंच नव्हतं.”